जंतुरोधक कोटिंगची लेन्स घ्यावी का? आईचा मोतीबिंदू आणि काकांचा डोळा

प्रश्न चोपडा तालुक्यातला आहे. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की करायचं ठरलंय. जंतुरोधक कोटिंगच्या लेन्सचं एक माहितीपत्रक हाती आलं, त्यावर '९९.९ टक्के जंतू मरतात' असं छापलंय. तर त्यासाठी जादा पैसे मोजावेत का? दुसरं, त्याच घरातल्या काकांचा डोळा पऱ्हाटीचं (कपाशीच्या झाडाचं) टोक लागून गेला. तो काढून खोबणीत गोळा बसवायला सांगितलंय. त्या गोळ्यालाही असं कोटिंग मिळतं का?

आधी थेट उत्तर. आईच्या लेन्ससाठी जंतुरोधक कोटिंगच्या नावाने एक रुपयाही जास्त देऊ नका. काकांच्या गोळ्याला मात्र अशा कोटिंगची गरज खरोखर आहे, पण आज ते काम गोळ्यावर शिवलेलं त्यांचं स्वतःचं मांसच करतं. दोन उत्तरं वेगळी का, ते समजलं की डोळ्यात बसवायच्या कुठल्याही वस्तूबद्दल तुम्हालाच अंदाज बांधता येईल. आईची लेन्स बाहेरच्या जंतूंच्या संपर्कात येते ती ऑपरेशनची काही मिनिटं आणि जखम बंद होईपर्यंतचे थोडे दिवस. त्यानंतर ती कायमची आत बंद. काकांचा गोळा मात्र आयुष्यभर एका पातळ पडद्याच्या मागे राहणार, आणि त्या पडद्यावर रोज कृत्रिम डोळा घासणार.

मोतीबिंदूनंतर डोळ्याच्या आत होणाऱ्या संसर्गात जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्याच पापण्यांवरचे असतात. त्यात सर्वांत जास्त आढळतो तो स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. कातडीवर तो गुण्यागोविंदाने राहतो, डोळ्याच्या आत शिरला की घात करतो. त्याची खोड अशी की प्लॅस्टिक दिसलं की तो चिकटतो आणि काही तासांत स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करायला लागतो. याला बायोफिल्म म्हणतात. पाण्याच्या हौदाला आतून शेवाळाचा गुळगुळीत लेप धरतो, तसंच हे. नुसतं पाणी ओतून तो निघत नाही. बायोफिल्मच्या आतल्या जंतूंना मारायला मोकळ्या जंतूंच्या कितीतरी पट औषध लागतं. कोटिंगची सगळी कल्पना इथूनच निघाली: चिकटूच दिलं नाही तर पुढचं टळेल.

कल्पना बरोबर आहे. अडचण ती डोळ्यात टिकवण्याची आहे.

एक प्रकार न चिकटू देणाऱ्या थरांचा. यात पॉलिएथिलीन ग्लायकॉल, पेशींच्या आवरणासारखे फॉस्फोरिलकोलीनचे थर, हेपरिन वगैरे येतात. हेपरिन लावलेल्या पीएमएमएच्या (कडक पारदर्शक प्लॅस्टिकच्या) लेन्स गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात बऱ्याच वापरल्या गेल्या. त्यांचा मुख्य हेतू सूज आणि लेन्सवर साचणाऱ्या पेशी कमी करण्याचा होता. प्रयोगशाळेत त्यांच्यावर जंतूही कमी चिकटले, पण म्हणून ती जंतुनाशक लेन्स झाली नाही. दुसरा प्रकार स्पर्शाने मारणाऱ्या थरांचा: क्वाटर्नरी अमोनियम, चिटोसान, जंतुमारक पेप्टाइड. यांच्यावर धन भार असतो आणि तो जंतूचं आवरण फोडतो. पण ऑपरेशननंतर डोळ्यातल्या पाण्यात प्रथिनं वाढलेली असतात. ती काही मिनिटांत लेन्सवर साय धरतात आणि तो भार झाकला जातो. शिवाय मेलेले जंतू तिथेच चिकटून राहतात आणि नव्या जंतूंना बसायला पाट मिळतो. माहितीपत्रकातली चाचणी नुसत्या खारट पाण्यात केली असेल तर यातलं काहीच तिच्यात दिसत नाही.

तिसरा प्रकार हळूहळू औषध सोडणाऱ्या थरांचा. ऐकायला सगळ्यांत पटणारा हाच, म्हणून त्याचा हिशेब मांडूनच पाहू. लेन्सचा मधला भाग ६ मिमी व्यासाचा असतो. दोन्ही बाजू धरून क्षेत्रफळ साधारण ५७ चौरस मिमी. त्यावर १ मायक्रॉन जाडीचा थर दिला आणि तो सगळाच्या सगळा शुद्ध औषधाचा आहे असं धरलं, तरी औषध भरतं सुमारे ५७ मायक्रोग्रॅम. ऑपरेशन संपताना डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सॅसिनचं जे इंजेक्शन देतात त्यात ५०० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे जवळजवळ नऊ पट. थर जाड केला तर लेन्सच्या पारदर्शकतेवर परिणाम होतो, आणि २.२ ते २.८ मिमीच्या छेदातून घडी करून घालताना तो इंजेक्टरच्या नळीत खरवडला जातो. खरवडलेले कण डोळ्यात पडले तर जंतू नसतानाही तीव्र सूज येते. औषध हळू सोडलं तर आणखी एक धोका असतो. शेवटच्या दिवसांत औषधाचं प्रमाण इतकं खाली येतं की जंतू मरत नाहीत, उलट त्या औषधाला सरावतात.

चांदीबद्दलही विचारतात, कारण जखमेच्या पट्ट्यांमध्ये आणि मूत्रमार्गाच्या नळ्यांमध्ये ती वापरतात. डोळ्यात गोष्ट वेगळी आहे. कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, तोच कॉर्निया काचेसारखा स्वच्छ ठेवतो, आणि या पेशी मेल्या की माणसात नव्या तयार होत नाहीत. जंतू मारणारं जे काही असेल ते या पेशींपासून काही मिलिमीटर अंतरावरच बसणार आहे. जंतूला जे विष आहे ते या पेशींना विष नाही, हे आधी सिद्ध व्हायला हवं. जंतू किती मेले हे त्यानंतरचं.

आणखी एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. हायड्रोफोबिक ॲक्रिलिक लेन्सचा चिकटपणा हा तिचा गुण आहे. ती मोतीबिंदूच्या रिकाम्या पिशवीला घट्ट बिलगते, त्यामुळे जागची हलत नाही आणि तिच्या मागे पुन्हा जाळी धरण्याचं प्रमाण कमी राहतं. काहीच चिकटू न देणारा थर दिला तर जंतू चिकटणार नाहीत, पण पिशवीही चिकटणार नाही. तिरक्या नंबरची टोरिक लेन्स असेल तर ती फिरून नंबरच चुकेल. आणि हायड्रोफोबिकचा अर्थ पाण्याला दूर ठेवणारी, जंतूंना दूर ठेवणारी नव्हे. या एका शब्दावर बरीच घरं फसतात.

'९९.९ टक्के' म्हणजे काय तेही पाहा. प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाची प्रचलित चाचणी अशी: नमुन्यावर जंतूंचं पाणी पसरायचं, वर पातळ फिल्म ठेवायची, ३५ अंशांवर २४ तास ठेवायचं आणि उरलेले जंतू मोजायचे. दहा लाखांतले ९९.९ टक्के मेले तर हजार उरले. लादीसाठी, फ्रिजच्या हँडलसाठी हे ठीक आहे. डोळ्याच्या मागच्या भागातली काचेसारखी जेली ही जंतूंना वाढायला सुपीक जागा, तिथे हजार फार झाले. म्हणून असं माहितीपत्रक समोर आलं की विचारा: चाचणी प्रथिनं असलेल्या द्रावणात केली का? निर्जंतुकीकरण झाल्यावर आणि इंजेक्टरमधून काढल्यावर केली का? कॉर्नियाच्या पेशींवर काय परिणाम झाला? आणि माणसांच्या किती डोळ्यांत वापरली?

शेवटच्या प्रश्नापाशी सगळे अडतात, आणि त्याला कारण आहे. संसर्ग मुळातच दुर्मीळ आहे. दहा हजारांत सातचं प्रमाण अर्ध्यावर आलं हे खात्रीने दाखवायचं तर संख्याशास्त्राच्या नेहमीच्या कसोटीने प्रत्येक गटात जवळपास ६७ हजार डोळे लागतात. त्यामुळे प्रयोगशाळेतले निकाल ढीगभर आहेत, पण जंतुरोधक कोटिंगची लेन्स रोजच्या वापरात आलेली नाही.

याउलट मोठ्या आकड्यांवर सिद्ध झालेल्या गोष्टी स्वस्त आहेत. युरोपातल्या १६ हजारांहून जास्त रुग्णांच्या २००७ सालच्या अभ्यासात ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यात १ मिग्रॅ सेफुरोक्झिम दिल्याने संसर्ग सुमारे पाच पटींनी कमी झाला. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयांनी २०१७ साली सहा लाखांहून जास्त डोळ्यांची आकडेवारी मांडली. मॉक्सिफ्लॉक्सॅसिनच्या इंजेक्शनाशिवाय दहा हजारांत साधारण ७ डोळ्यांत संसर्ग झाला, इंजेक्शन दिलेल्यांत २. आईच्या डॉक्टरांना हेच विचारा: शेवटी डोळ्यात अँटिबायोटिकचं इंजेक्शन देता ना? डोस ०.१ मिलीत ०.५ मिग्रॅ, आणि ते प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या, डोळ्याच्या आत देण्यासाठीच बनवलेल्या बाटलीतून. मेडिकलमधले साधे थेंब सिरिंजमध्ये ओढून आत देणं चूक, कारण त्यातल्या प्रिझर्व्हेटिव्हने कॉर्नियाच्या पेशी मरू शकतात. लेन्स स्वतःच्या मनाने औषधात बुडवून बसवणंही तितकंच चूक.

त्याहून मोलाचं काम त्या तपकिरी पाण्याचं, म्हणजे पोव्हिडोन आयोडीनचं. पापण्यांच्या कातडीला १० टक्के, डोळ्यात ५ टक्के, आणि डोळ्यात टाकल्यावर घड्याळ लावून पूर्ण ३ मिनिटं थांबायचं. चुकतं ते इथे. त्या दिवशीच्या ऑपरेशनांची यादी मोठी असते, ३ मिनिटांचं अर्ध्या मिनिटावर येतं. किंवा बधिरतेची जेली आधी घातली जाते, ती डोळ्यावर साय धरते आणि आयोडीन खाली पोचतच नाही. आयोडीन आधी, जेली नंतर. ५ टक्क्यांचं तयार मिळालं तर उत्तम. नसेल तर १० टक्क्यांचं साधं द्रावण तेवढ्याच निर्जंतुक सलाईनमध्ये मिसळायचं, आणि तेही ताजं. हात धुवायचं फेस येणारं पोव्हिडोन स्क्रब कधीच डोळ्यात जाता कामा नये, त्यातल्या साबणाने कॉर्निया भाजतो. पापण्यांचे केस चिकट ड्रेपखाली (डोळ्याभोवती लावायच्या निर्जंतुक आवरणाखाली) पूर्ण दुमडले गेले पाहिजेत. लेन्स आत जाताना एका केसाला घासली तरी आपणच जंतू पोचते केले.

ऑपरेशनच्या आधी घरीही एक गोष्ट बघता येते. आईच्या डोळ्यातून सारखं पाणी येतं का? नाकाच्या बाजूला डोळ्याच्या कोपऱ्यात बोटाने हलकं दाबल्यावर पू किंवा चिकट पाणी वर येतं का? येत असेल तर अश्रुपिशवीत पू साठलाय. तशा डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा नसतो. आधी पिशवीचं ऑपरेशन, मग काही आठवडे थांबून मोतीबिंदू. पापण्यांना कोंडा असेल तर तो आठ-दहा दिवस गरम शेक देऊन, पापण्यांच्या कडा पुसून कमी करायचा. साखर तपासून आटोक्यात आणायची. ऑपरेशन हिवाळ्यातच करावं असं आपल्याकडे अजून सांगतात, पण आजच्या लहान छेदाच्या ऑपरेशनला ऋतू लागत नाही. आखाजीनंतरचं ऊन जळगावच्या पट्ट्यात ४४-४५ अंशांवर जातं, तेव्हा काळजी घामाची आणि धुळीची घ्या.

ऑपरेशन थिएटरबद्दल थोडक्यात, पण हे महत्त्वाचं. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. तेच ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने हत्यारं निर्जंतुक करायच्या यंत्रात) आणि हत्यारं धुवायला वापरलं तर बारीक नळ्यांच्या आत क्षार साचतात. त्या क्षारांमुळे वाफ आतपर्यंत पोचत नाही, आणि सुटलेले कण डोळ्यात गेले की सूज येते. शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा हवा आणि प्रत्येक नळी सिरिंजने पाणी सोडून आतून धुतलेली हवी. १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटं हे पाठ सगळ्यांचं असतं, पण यंत्रात ठेवलेल्या तपासणीच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे जंतू मेलेच असं नाही. जंतूंचे बीजाणू असलेली जैविक चाचणी ठरावीक दिवसांनी लावावीच लागते. एकाच दिवशी अनेकांचे डोळे बिघडतात तेव्हा कारण बहुधा दूषित द्रावण, जेली किंवा नळी असतं, आणि जंतू अनेकदा स्यूडोमोनास. तिथे जगातलं कुठलंही कोटिंग उपयोगी पडलं नसतं.

आता काकांचा गोळा. खोबणीत बसवायचे गोळे मुख्यतः दोन जातींचे. एक भरीव: पीएमएमए किंवा सिलिकॉनचा. १९४९ साली लंडनला हॅरल्ड रिडलींनी डोळ्यात पहिली लेन्स बसवली, ती याच पीएमएमएची. दुसरा सच्छिद्र: हायड्रॉक्सिॲपेटाइट किंवा पोरस पॉलिएथिलीनचा. सच्छिद्र गोळ्याच्या भोकांत काही महिन्यांत रक्तवाहिन्या शिरतात आणि तो शरीराचाच भाग होतो. एकदा रक्त पोचलं की अँटिबायोटिकही पोचतं. पण त्याआधी वरचा पडदा उघडला तर जंतू त्याच भोकांत घर करतात आणि तिथून त्यांना काढता येत नाही. त्याचा खरखरीत पृष्ठभागही पडद्याला आतून घासतो.

सच्छिद्र गोळा बसवायचाच असेल तर कोटिंगच्या सगळ्यांत जवळ जाणारी, आज करता येणारी गोष्ट म्हणजे गोळा औषधाने भिजवणं. ५० मिलीच्या निर्जंतुक सिरिंजमध्ये गोळा ठेवायचा, तो बुडेल इतकं जेंटामायसिनचं द्रावण ओढून घ्यायचं, वरची हवा बाहेर काढायची, तोंडाला बोट घट्ट लावून दट्ट्या मागे खेचायचा. गोळ्याच्या अंगातून बारीक बुडबुड्यांची धार निघते. दट्ट्या सोडला की हवेच्या जागी औषध आत शिरतं. बुडबुडे थांबेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करायचं. नुसता वाटीत बुडवून ठेवला तर आतली हवा तशीच राहते आणि मधला भाग कोरडा. पॉलिएथिलीन पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यामुळे गोळा बुडण्याची वाट पाहू नये, बुडबुड्यांकडे पाहावं. अर्थात हे औषध थोड्या काळापुरतंच पुरतं.

पुढची वर्षं गोळा सांभाळतं ते त्यावरचं आच्छादन. मोठ्या माणसाला साधारण १८ ते २२ मिमीचा गोळा बसतो. मोठा गोळा बसवला की कृत्रिम डोळा खोल दिसत नाही, या मोहात ताण येईल इतका मोठा घातला की टाके सुटतात. गोळा खोल बसवून त्यावर टेनॉनचे (डोळ्याभोवतीच्या आवरणाचे) थर वेगवेगळे, ताण न देता शिवायचे, आणि मग कंजंक्टायव्हा, म्हणजे सगळ्यांत वरचा पातळ पडदा. खरखरीत गोळा आत सरकवताना ऊती ओढल्या जातात, म्हणून गुळगुळीत प्लॅस्टिकच्या बाहीतून सरकवायचा किंवा नेत्रदात्याच्या स्क्लेरात (डोळ्याच्या पांढऱ्या कवचात) गुंडाळायचा. काकांचा डोळा पऱ्हाटीने गेलाय म्हणून एक विशेष सूचना. वनस्पतीच्या जखमेत बुरशी असू शकते. डोळ्यात अजून पू असेल तर आधी तो साफ करून संसर्ग विझू द्यावा आणि गोळा दुसऱ्या टप्प्यात बसवावा. घाई करून एकाच वेळी उरकण्यात काहीच कमाई नाही.

धुळीत, कपाशीत आणि केळीच्या बागेत काम करणाऱ्या, तपासणीला वरचेवर येऊ न शकणाऱ्या माणसासाठी माझा कल भरीव गोळ्याकडे आहे. तो स्वस्त पडतो आणि संसर्ग झालाच तर काढून बदलणं सोपं जातं. डोळा कमी हलतो ही त्याची उणीव, पण डोळा हलवणारे स्नायू कंजंक्टायव्हाच्या कोपऱ्यांना शिवण्याची पद्धत वापरली तर तीही बरीचशी भरून निघते. कृत्रिम डोळा सहा-आठ आठवड्यांनी, मापाचाच करून घ्यायचा. बाजारातला तयार, न बसणारा डोळा एका जागी दाबत राहतो आणि पडदा तिथेच झिजतो. वर्षातून एकदा त्याला पॉलिश करून घ्यायचं. रोज काढून धुवायची गरज नाही. सारखा पू येत राहिला, रक्त लागलं किंवा आत लाल मांसाचा गोळा वाढला तर थेंब बदलत बसू नका. तो आतल्या गोळ्याच्या संसर्गाचा इशारा असतो.

याच हिशेबात आणखी दोन वस्तू येतात. काचबिंदूची नळी कंजंक्टायव्हाखालून डोळ्यात जाते, म्हणून तिच्यावर दात्याच्या स्क्लेराचा तुकडा शिवतात. तो झिजून नळी उघडी पडली तर दुखत नसलं तरी दोन दिवसांत डॉक्टर गाठायचा. कृत्रिम कॉर्नियात तर प्लॅस्टिकचा खांब कायमचाच बाहेर उघडा, त्यामुळे त्या रुग्णांना आयुष्यभर रोज अँटिबायोटिकचे थेंब चुकत नाहीत. जंतुरोधक कोटिंगवरचा पैसा आणि मेहनत आधी जायला हवी ती या उघड्या वस्तूंवर. तिथे एक चांगला थर निघाला तर माणसाचे जन्मभराचे थेंब कमी होतील.

पुन्हा आईकडे. ऑपरेशननंतरचे पहिले सात-आठ दिवस सगळ्यांत जपायचे. थेंब टाकणाऱ्याने साबणाने हात धुवायचे, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही, खालची पापणी ओढून त्या खळग्यात एकच थेंब. बाटली लेबलवर लिहिलेल्या तापमानातच ठेवा, मे महिन्यात पत्र्याच्या घरात फळीवर नको. डोक्यावरून आंघोळ, चुलीचा धूर, गोठा, केळीच्या बागेतलं काम, सगळं डॉक्टर हो म्हणेपर्यंत बंद. नातवंडांना कामाला लावा: "माय, डोयाले हात लावू नको" हे दिवसातून दहा वेळा म्हणायला तीच बरी.

रोज सकाळी दुसरा डोळा झाकून आईला समोरच्या माणसाची बोटं मोजायला सांगा. काल दिसत होतं आणि आज कमी दिसतंय, हे सगळ्यांत आधी कळणारं लक्षण आहे. त्याच्या जोडीला वाढती लाली, दुखणं किंवा काळ्या बुबुळाच्या खालच्या बाजूला पांढरट पिवळी रेघ दिसली तर तो पू. हे बहुधा दुसऱ्या ते सातव्या दिवसात होतं. १२ ते ४८ तासांत, फारसं न दुखता पूर्ण कॉर्निया धुरकट झाला तर ती बिनजंतूंची सूजही असू शकते, पण तो निवाडा घरी करायचा नाही. संसर्ग असेल तर डोळ्याच्या मागच्या भागातलं पाणी तपासणीला काढून तिथेच व्हँकोमायसिन १ मिग्रॅ आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिग्रॅ, प्रत्येकी ०.१ मिलीत, वेगवेगळ्या सिरिंजमधून देतात. एकत्र केली की दोन्हींचा साका होतो. नुसता उजेडच कळत असेल तर व्हिट्रेक्टॉमी (मागची जेली काढण्याचं ऑपरेशन) लागते, आणि ती सगळीकडे होत नाही. म्हणून ऑपरेशनच्या दिवशीच विचारून ठेवा: असं झालं तर रात्री फोन कोणाला करायचा, रेटिनाचे डॉक्टर जळगावला आहेत की धुळ्याला, आणि गाडी कोणाची. धडगाव-अक्कलकुव्यासारख्या सातपुड्यातल्या पाड्यांवरून निघणाऱ्यांनी तर सकाळची वाट पाहूच नये. लेन्सच्या खोक्यावरचं नंबराचं स्टिकर आईच्या कार्डावर चिकटवून घ्या आणि ते कार्ड सोबत न्या.